४०७ फोर बाय फोर: मागचे डबल काढून सिंगल करायचेत. टायर, रिम, वजन यावर मतं हवीत

सडेवाला

मंडळी, गाडी जुनी टाटा ४०७ फोर बाय फोर, मागे राहायची खोली बांधलेली. राहतो राजापूर तालुक्यात, घर सड्यावर (जांभ्याच्या पठारावर). खोलीचं काम उरकलं, आरसीतली नोंदही करून घेतली. आता चाकांकडे वळतोय.

सध्या सहाही टायर (पुढे एकेक, मागे दोन-दोन) ७.५०-१६. मागच्या जोडीनं वैताग आणलाय. सड्यावरून वाडीत उतरताना कच्च्या रस्त्याला जांभ्याचे मुठीएवढे दगड आतल्या-बाहेरच्या टायरमध्ये जाऊन बसतात. टॉमी (लोखंडी सळई) घालून, खाली झोपून ते काढायचे. नाही काढले तर दोन्ही टायरची आतली कड घासून कापड दिसायला लागतं. पावसात दगडाऐवजी चिखल. तो वाळला की लाल सिमेंटच.

पुढचा बेत कच्छचं रण आणि मग स्पिती. मागे एकेकच मोठं चाक टाकायचा विचार आहे, परदेशातल्या मोहिमेच्या ट्रकना असतं तसं. मला सुचलेले तीन पर्याय: २५५/१०० आर १६, ३७ इंची १२.५० आर १७, नाहीतर सरळ ८.२५ आर १६. कोणी केलंय का? गॅरेजवाले एकच सांगतात, "बाहेरचा टायर काढून टाका, झालं सिंगल."

गॅरेजबुवा

त्या गॅरेजवाल्याला दुरून नमस्कार.

टायरच्या कडेवर १२२/११८ असे वजनाचे दोन सांकेतिक आकडे असतात, तिथून सुरुवात करा. पहिला सिंगलचा, दुसरा डबलचा. १२२ म्हणजे १५०० किलो, ११८ म्हणजे १३२०. म्हणजे आज मागचे चार टायर मिळून ५२८० किलो पेलतात. बाहेरचे दोन काढले की उरले ३०००. गाडीचं वजन काही त्या टायरबरोबर उतरत नाही.

आधी काट्यावर जा. पाण्याच्या टाक्या भरून, डिझेल भरून, बायकापोरं आणि भांडीकुंडी सकट. पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा. आकडे इथे टाका, मग टायर बोलू.

नुसताचवाचक

बायकोला काट्यावर चढवायची जबाबदारी धागाकर्त्याची. आम्ही लांबून पाहू. (हलकं घ्या.)

पाटेपिनियन

बुवांशी सहमत. फक्त सिंगल का करतात याचं खरं कारण धाग्यात यायला हवं, दगड अडकणं हे त्यातलं निम्मंच आहे.

मऊ जमिनीत पुढचं चाक आपली चाकोरी पाडतं. मागे जोडी असेल तर तिचा एक टायर त्या चाकोरीच्या आतल्या बाजूनं आणि एक बाहेरच्या बाजूनं चालतो. म्हणजे मागच्या चारही टायरना नवी रेती नाहीतर नवा चिखल तुडवायचा. इंजिनाची ताकद त्यातच जाते. सिंगल चाक पुढच्यानं दाबून ठेवलेल्या चाकोरीतून मागोमाग येतं. रणात आणि नदीच्या पात्रात हा फरक जाणवतो, डांबरावर शून्य.

पण अट अशी की मागचं चाक खरंच पुढच्याच्या रेषेत यायला हवं. ते ठरतं रिमच्या ऑफसेटवर, म्हणजे रिमचा मध्य हबला टेकणाऱ्या जागेपासून किती आत-बाहेर आहे त्यावर. लोक टायरवर चार महिने वाद घालतात आणि रिम मिळेल ती उचलतात. माझ्या मते उलटं हवं.

सडेवाला

काटा केला. सगळं भरून पुढे १९००, मागे ३२५०. आरसीच्या मर्यादेत आहे.

२५५/१०० आर १६ मध्ये मिशलिन एक्सझेडएल येतो, त्यावर १२६. म्हणजे १७०० किलो, दोनाचे ३४००. दीडशे किलो शिल्लक. ३७ इंचीवर १२४, म्हणजे १६०० आणि दोनाचे ३२००, तो बाद. मग २५५ च घेऊ ना?

गॅरेजबुवा

दीडशे शिल्लक कोणाच्या हिशेबानं? एक्सलचा अर्धा उजवीकडे, अर्धा डावीकडे हे गृहीत धरलंत. टाकी कुठे आहे? स्वयंपाकाचा ओटा कुठे? बॅटऱ्या?

परत काट्यावर जा. जमिनीच्या पातळीतला काटा बघा. फक्त मागचं उजवं चाक प्लॅटफॉर्मवर येईल अशी गाडी कडेनं लावा, मग तसंच डावं. गाडी सपाट उभी हवी, कलली तर आकडा खोटा. काटेवाला कटकट करेल, त्याला चहा पाजा.

खाडीकाठची

दादा, तुमचा आकडा येईपर्यंत एक विचारते. आमच्याकडे दाभोळच्या बाजूला वाड्यांतले रस्ते दोन गडग्यांमधून (जांभ्याच्या कुंपणांमधून) जातात. मोठी गाडी आली की मागचा बाहेरचा टायर जांभ्याला घासणारच. सिंगल केल्यावर गाडी मागून अरुंद होते की रुंद? आमच्या मिनी ट्रकसाठी विचारतेय, मोहीम वगैरे काही नाही, आंब्याच्या पेट्या.

पाटेपिनियन

@खाडीकाठची ताई, चाक जोडीच्या मधोमध बसवलं तर अरुंद होते. प्रत्येक बाजूला साधारण दहा सेंटीमीटर आत. पण पेट्या वाहायच्या असतील तर सिंगलच्या वाटेला जाऊ नका. हंगामात भरली गाडी घाट चढणार, एक टायर बसला तर जोडीतला दुसरा तुम्हाला पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू नेतो. सिंगल बसला की एक्सल टेकला. माल वाहणाऱ्याला डबलच बरं.

खाडीकाठची

पटलं. गडगा आमच्याच सासऱ्यांचा आहे, तोच थोडा आत घेते.

सडेवाला

बुवा, पायलागू. मागचं उजवं १७४०, डावं १५१०. बेरीज ३२५०च, पण उजवं चाक २५५ च्या मर्यादेवर ४० किलो जास्त. पाण्याची १८० लिटरची टाकी उजव्या बाजूला, बरोबर एक्सलच्या वर आहे. टाकी केबिनच्या मागे, मधोमध हलवता येईल.

कागदोपत्री

टायर निवडण्याआधी माझंही ऐका, नंतर कोणी ऐकत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीतला तपशील आणि कंपनीनं दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२ अ आलं: मालकानं नियमाबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आरसीच्या नमुन्यात टायरची संख्या आणि माप यांचा रकाना असतो. तिथे मागे चार लिहिलेत आणि गाडीखाली दोन दिसले तर पोलीस सोडेल एक वेळ, विमा कंपनीचा सर्वेअर सोडणार नाही.

आणखी एक. जुलै २०१८ च्या अधिसूचनेत एक्सलचं कमाल वजन टायरच्या संख्येवर बांधलंय: दोन टायरच्या एक्सलला साडेसात टन, चार टायरच्याला साडेअकरा. ४०७ त्याच्या खूप खाली आहे, पण लष्कराच्या लिलावातली मोठी गाडी घेऊन हेच करायचं कोणाच्या डोक्यात असेल तर हा आकडा आडवा येतो.

मी "करू नका" म्हणत नाही. आरटीओत आधी लेखी विचारा, उत्तर येईल तसं करा. तोंडी "चालतंय की" वर विसंबू नका.

सडेवाला

अर्ज दिलाय. टायरच्या मापाची नोंद बदलायची तर कंपनीच्या त्याच चेसीला मान्य असलेलं माप सोपं जातं असं तिथल्या बाबूंचं म्हणणं. म्हणजे ८.२५ कडेच गाडी वळतेय.

गॅरेजबुवा

वळू दे. मी पहिल्या दिवसापासून ८.२५ च्याच बाजूनं आहे, मुद्दाम बोललो नव्हतो.

१६ प्लायमध्ये (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा) १२८ मिळतो, म्हणजे सिंगलला १८०० किलो. दुकानदाराच्या शब्दावर नको, कडेवर वाचून घ्या, कमी प्लायचे टायरही त्याच मापात येतात. तुमच्या टाकी हलवण्याआधीच्या १७४० ला सुद्धा हा पुरतो. आणि मुख्य म्हणजे हा टायर सावंतवाडीला मिळेल, भुजला मिळेल, मंडीलाही मिळेल. ते २५५ वालं प्रकरण दिसायला राजबिंडं, पण स्पितीत काझ्याच्या अलीकडे फाटलं तर काय करणार? एक टायर कुरियरनं मागवायचा आणि तो येईपर्यंत तिथे मटार सोलत बसायचं?

पाटेपिनियन

उंचीचा हिशेबही ८.२५ च्याच बाजूचा. ७.५० आर १६ चा व्यास सुमारे ८०५ मिमी, ८.२५ चा सुमारे ८६०, २५५/१०० चा ९१६, ३७ इंचीचा ९४०.

८.२५ लावला की गाडी अडीच-पावणेतीन सेंटीमीटर वर जाते आणि गिअरिंग साधारण ७ टक्क्यांनी लांबतं. स्पीडोमीटर ७० दाखवेल तेव्हा खरा वेग ७५ च्या आसपास. चालतं. २५५ ला हेच जवळजवळ १४ टक्के होतं. भरल्या गाडीनं आंबा घाट किंवा करूळ चढताना जिथे तिसरा लागायचा तिथे दुसरा लागणार, आणि एक्सलमधले क्राऊन-पिनियन (गिअर) बदलल्याशिवाय ते दुखणं जात नाही.

चढणापेक्षा मला उतार महत्त्वाचा वाटतो, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. ब्रेक ड्रम तोच, लायनर तेच, पण चाक मोठं. म्हणजे रस्त्यावर लागणारा ब्रेकचा जोर त्या प्रमाणात घटतो, ८.२५ ला साधारण ६ टक्के, २५५ ला १२. इंजिन ब्रेकिंगही तेवढंच घटतं. श्रावणात शेवाळलेल्या घाटात १२ टक्के कमी ब्रेक घेऊन मी उतरणार नाही. ६ टक्के, लायनर नवे असतील तर, ठीक.

चाकपंची

मग पुढे आहेत ते ७.५० राहू देत आणि मागे फक्त ८.२५ टाका. दोन टायरचा खर्च वाचला.

पाटेपिनियन

अहो! फोर बाय फोर आहे ती. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात) सेंटर डिफ, म्हणजे दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतो. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. पुढे-मागे टायरचा घेर वेगळा असेल तर एक एक्सल दुसऱ्याला ओढत राहतो. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, कडक जमिनीवर सुटायला जागा नाही, मग काहीतरी तुटतं. चारही एका मापाचे, शक्यतो एका कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. आणि स्टेपनीही दोन-तीन महिन्यांनी फेऱ्यात घ्या, नाहीतर चार झिजलेले आणि पाचवा कोरा अशी वेळ येते.

दर्यावर्दी

तुमचा चलू दे, पण एक सांगान ठेवतंय. मोठी चाका लागली म्हणान गाडी पुळणीर (दर्याच्या रेतीर) नेव नको हां. दर शनिवार-रविवारी कोणतरी मुंबय-पुण्याचो फोर बाय फोर घेवन येता, भरती लागली की बॉनेटापर्यंत पाणी, मग आमचो ट्रॅक्टर शोधता.

आणि ता सोडा. नोव्हेंबर ते मार्च कासवांचो हंगाम. वायंगणीक काय, वेळासाक काय, ऑलिव्ह रिडले वर येवन अंडी घालतत. रेतीखाली घरटा असता, वरसून दिसणा नाय. चाक गेला की खलास. वन्यजीव कायद्यात पयल्या अनुसूचीतलो प्राणी तो, आणि अंडी घालूची जागा सीआरझेडमध्ये (किनाऱ्याच्या नियमन क्षेत्रात) सगळ्यात कडक वर्गात येता. रेतीची हौस रणात भागव, हय नको.

सडेवाला

@दर्यावर्दी, काका, शंभर टक्के. पुळणीवर गाडी नेणार नाही.

खाडीकाठची

+१. वेळासला २००२ पासून घरटी राखायचं काम चाललंय, गावच्या गाव त्यात उतरलंय. धाग्याचा विषय नाही, पण बरं झालं लिहिलंत.

सडेवाला

आता रिम. एका कारखान्यात चौकशी केली (नाव देत नाही). त्यांनी हबचं माप न घेताच "सगळ्यांना एकच रिम लागते" म्हणून दर सांगितला. ऑफसेट विचारला तर "तो काय असतो?" पुढे गेलोच नाही.

पाटेपिनियन

बरं केलंत. जरा सविस्तर लिहितो, इथेच सगळे घसरतात.

डबल चाकाची डिश (रिमच्या मधली, हबवर नटांनी बसणारी तबकडी) खोल असते. आतली रिम डिशची पाठ बाहेर करून बसते, बाहेरची उलटी करून तिच्यावर. म्हणजे दोन्ही डिश जिथे एकमेकींना टेकतात ती जागा जोडीच्या बरोबर मध्ये येते, आणि हबच्या बेअरिंगवर वजन त्या मधल्या रेषेतून उतरतं. कारखान्यात बेअरिंग त्या हिशेबानं निवडलेलं असतं.

फक्त आतला टायर ठेवला की वजनाची रेषा आत सरकली. फक्त बाहेरचा ठेवला तर बाहेर सरकली, आणि बाहेरच्या बेअरिंगचे हाल सुरू. शून्य ऑफसेटची रिम घेतली, म्हणजे डिश रिमच्या मधोमध, तर वजनाची रेषा जिथे होती तिथेच राहते. मागे शून्य ऑफसेट ही त्यामुळे सुरुवात धरा.

मग बघा ती रेषा पुढच्या चाकाशी जुळते का. सपाट कोबा शोधा, स्टिअरिंग सरळ ठेवा, आणि ओळंबा घ्या. गवंड्याचा पितळी ओळंबा उत्तम, नट बांधलेली सुतळी वाऱ्यानं हलते. पुढच्या टायरच्या रुंदीचा मध्य काढून तिथून सोडा, जमिनीवर खडूनं खूण. मागे जोडीच्या मधल्या फटीतून सोडा, खूण. गाडी बाजूला काढा आणि दोन्हीकडच्या खुणांमधलं अंतर मोजा.

सडेवाला

शेजारच्या काकांचा ओळंबा आणून केलं. खळ्याचा कोबा एका बाजूला पाण्यासाठी उतरता होता, म्हणून शाळेच्या पटांगणातल्या कोब्यावर जाऊन परत केलं. पुढच्या खुणांमधलं अंतर मागच्यापेक्षा ४० मिमी जास्त. म्हणजे दर बाजूला २० मिमी.

आता प्रश्न असा की मागची रिम २० मिमी बाहेर काढून रेषा तंतोतंत जुळवू की शून्य ऑफसेटवरच ठेवू?

पाटेपिनियन

शून्यवर ठेवा. ८.२५ ची रुंदी साधारण २३५ मिमी, त्यात २० मिमीनं चाकोरी काही चुकत नाही. बेअरिंगला मात्र २० मिमी कायमचे सोसावे लागतील.

गॅरेजबुवा

मी १० काढले असते. पण पाटेसाहेबांशी भांडण नको.

रिमची रुंदी लक्षात ठेवा. ७.५० ला ६.००जी लागते, ८.२५ ला ६.५०एच. जुन्या रिमवर ८.२५ चढतो, नाही असं नाही, पण कडा चिमटून बसतो आणि मधूनच झिजतो. म्हणजे पुढच्याही रिम नव्या.

आणि तीच शून्य ऑफसेटची रिम पुढे लावू नका! पुढचं चाक तेवढं बाहेर गेलं की किंगपिनपासून (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यापासून) लांब पडतं, स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हात झटकतो. पुढे जुन्याच ऑफसेटची ६.५०एच.

सडेवाला

मग पुढची रिम वेगळी, मागची वेगळी. स्टेपनी कोणती ठेवायची?

गॅरेजबुवा

पुढची. ती मागे लावलीत तर चाक जोडीतल्या आतल्या टायरच्या जागी जाऊन बसतं. दिसायला विचित्र, पण पंक्चरवाल्यापर्यंत ४०-५० च्या वेगानं नेता येईल. मात्र लावायच्या आधी घरीच एकदा बसवून बघा. टायर आता रुंद झालाय, आत पाट्याला (स्प्रिंगला) किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना? उलट मागची पुढे कधीच नाही.

नटांकडे लक्ष द्या. स्टड (नट ज्यावर बसतात ते हबचे बोल्ट) दोन डिशच्या जाडीसाठी बनवलेले आहेत, आता तिथे एकच डिश. काही स्टडवर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, पाना कट्ट म्हणतो, आपल्याला वाटतं आवळला, आणि डिश मात्र सैल. नट बसवून डिश खरंच दाबली जातेय का ते बघा, नसेल तर स्टड बदला. पहिल्या ५०-१०० किलोमीटरवर परत आवळायचे, हे तर आलंच.

पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्हीकडे बघा, आणि ते सपाटीवर नाही. एक चाक फळ्यांवर चढवून पाटा दाबला गेला असताना. टायर पाट्याला किंवा ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगच्या दांड्याला) लागत असेल तर स्टॉपचा बोल्ट थोडा बाहेर काढा. वळण थोडं मोठं होईल, कोकणातल्या वळणांवर एक रिव्हर्स जास्त मारावा लागेल.

नुसताचवाचक

आणि हवा? की तीही काट्यावर मोजायची?

गॅरेजबुवा

चेष्टेत का होईना, मुद्याचं विचारलंत. डबलला भरत होतात ती हवा सिंगलला पुरत नाही, एकटा टायर जास्त पेलतोय. टायर कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे सिंगलचा रकाना बघून भरा.

रणात मऊ लागलं तर २५-३० पौंडांवर आणा. टायर लांबट पसरतो, गाडी तरंगते. वेग वीसच्या आत, वळणं मोठी. पण हे ट्यूबवालं चाक आहे हे विसरू नका. हवा कमी असताना जोरात पिकअप दिला तर टायर रिमवर फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व्हची मान तुटते. डांबर लागलं की आधी हवा, मग चहा. चांगला कॉम्प्रेसर बरोबर ठेवा.

लॉक रिंगची (टायर धरून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी कडीची) रिम असेल तर हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. पिंजऱ्यात ठेवून भरा, पिंजरा नसेल तर जिथे आहे तिथे जा. आणि मोहिमेच्या गाडीला रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) नाही म्हणजे नाही.

सडेवाला

ताजी खबर. आरटीओकडून ८.२५ साठी लेखी उत्तर आलं, तपासणी करून नोंद घेतील. टाकी केबिनमागे मधोमध हलवली आणि काटा परत केला: पुढे २०३०, मागे ३१२०, त्यात उजवं १५९५ आणि डावं १५२५. रिम दुसऱ्या ठिकाणी टाकल्यात, त्यानं आधी हबचं माप घेतलं, मग बोलला. मागे शून्य, पुढे जुना ऑफसेट, स्टेपनी पुढची. पुढे रिब (लांब सरळ खाचांचा), मागे लग (आडव्या जाड ठोकळ्यांचा) असा विचार होता, पण स्टेपनी एकच, म्हणून चारही बाजूंना मिक्स पॅटर्न.

स्टेपनी मागच्या दाराला टांगायची की खाली चेसीला?

पाटेपिनियन

दाराला टांगलीत तर एक्सलच्या मागे लोंबणारं वजन. मागच्या एक्सलवर स्टेपनीच्या वजनापेक्षाही जास्त भर पडतो आणि पुढचा हलका होतो. टाकी हलवून कमावलंत ते निम्मं जाईल. खाली चेसीला लावा. जयगड-तवसाळ फेरीवर ओहोटीला रॅम्प उभा असतो, तिथे मागचा भाग टेकणार नाही एवढी वर घ्या.

गॅरेजबुवा

आणि स्टेपनी वर-खाली करायला साखळीची विंच लावा, वायरच्या दोरीची नको. मिठाच्या हवेत दोन पावसाळ्यांत वायर गंजून तुटते. साखळीला दर पावसाळ्याआधी ग्रीस.